गुरुवारी थांबणारी गाडी

“चाळीस?”

“चाळीस.”

“कुणाला चाळीस सांगायलाव, आक्का?”

“समोर बसलेत त्यायला.”

“मला?”

“मंग काय भिंतीला सांगू? ही पोरगी पहिल्यांदा आलीय, तिचे घ्यायचे न्हाईत. तुमचे चाळीस.”

रामहरीकाकांनी कप बशीत आपटला. कॉफी बशीत सांडली. जिंतूर रोडच्या फाट्यावरच्या त्या पत्र्याच्या हॉटेलात आम्ही चौघंच होतो. काका, मी, भट्टीमागं सरजाक्का, आणि गल्ल्यावर तिची सून दीपिका. बाकी सगळी बाकडी रिकामी.

“पंचवीसला हाय कॉफी. फळ्यावर लिवलंय.”

“कवा वाचला तुमी फळा? अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी मान वर करून बघितला का? आता बगा.”

काकांनी मान वर केली. मीही केली. पंचवीस खोडून तीस, तीस खोडून पस्तीस, पस्तीस खोडून चाळीस. खडूच्या रेघोट्यांत कॉफी बिचारी कोपऱ्यात गेली होती. तिच्यावर चहा मात्र ऐसपैस, दहा रुपयांत.

“मामा, पावडर बगा की कुठं गेली,” दीपिका समजुतीच्या सुरात म्हणाली. “पावशेराला दोनशे दहा पडायलेत. दुधाचं तसंच. सिलेंडरचं तर नाव काढू नगा.”

“दीपे, तू मधी पडू नको. पावडर मला शिकवायलीस? तू शाळेत जायची तवा ती पावडर मी मांडीवर घेऊन आणायचो. मी पैशाचं बोलंना गेलो. मी इमानाचं बोलायलोय.”

“इमानाचं?” सरजाक्कानं फडक्यानं हात पुसले. एक एक बोट वेगळं पुसलं. “बोला की मंग. लय दिस झाले, कुणी इमानाचं बोललं न्हाई हितं.”

काका माझ्याकडं वळले. साक्षीदार म्हणून. मी जिंतूरला कामाला निघाले होते, काका म्हणाले, चल, वाटेत तुला कॉफी पाजतो, तसली कॉफी तुझ्या पुण्यात मिळत नाही. गंगाखेडपासून दीड-दोन तास त्यांनी मला त्या कॉफीचीच गोष्ट सांगितली होती. आणि आता तीच कॉफी बशीत सांडून बसले होते.

रामहरीकाका माझे थोरले चुलते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, गंगाखेड आगार. वयानं सिनियर झाले तशी त्यांनी पहाटे सहाची जालना गाडी मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी अंगातला कंडक्टर गेलेला नाही. लग्नाला टेम्पो निघाला की सगळ्यात शेवटी दाराशी उभे. सगळे चढले का, म्हातारी बसली का, लेकरू कुणाचं राहिलं का. सगळी डोकी मोजून पत्र्यावर दोन थापा मारतील, मगच टेम्पो हलणार. नोटा अजून उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतात. वाण्याच्या दुकानात सुट्ट्यासाठी अडून बसतात, त्याला म्हणतात, “सुट्टे न्हाईत तर दुकान कशाला उघडलं?” पन्नास वेळा हीच तक्रार त्यांना प्रवाशांनी ऐकवलेली, ती आता ते वाण्याला ऐकवतात.

आमच्या घरात सगळे चहावाले. कॉफी पिणारे एकटे काका. चहानं त्यांची छाती जळते. शीलाकाकू लग्न झाल्यापासून म्हणते आहे, “सगळ्या गावाची छाती जळत न्हाई, ह्यांचीच कशी जळती?” तिनं वेगळी कॉफी कधी केली नाही. घरात सात माणसं, एकासाठी वेगळं पातेलं कोण चढवणार? काकांनी मागितलीही नाही. ते उरलेल्या भाजीवर जेवणारे, फाटका टॉवेल आपल्याकडं ठेवून घेणारे गृहस्थ. आपल्या एकट्यासाठी म्हणून जगात काही केलं जातं, अशी त्यांच्या आयुष्यात एकच वस्तू होती. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी सरजाक्काच्या हॉटेलात समोर येणारा कप.

हॉटेल सरजाक्काच्या नवऱ्याचं, पंडितचं. घरात शेळ्या-मेंढ्या. पंडित त्यांच्यामागं फिरायला कंटाळून पोरसवदा वयात हैदराबादला पळाला. तिथं एका हॉटेलात कपबश्या धुतल्या, मग भट्टीवर गेला, आणि आठ वर्षांनी परत आला तो पितळेचं कॉफीचं गाळण घेऊन. वरच्या भांड्यात पावडर, खाली थेंब थेंब काळा अर्क. फाट्यावर कोण पिणार ती? गाळण कोनाड्यात पडून होतं. सत्त्याण्णव साली काकांची गाडी पहिल्यांदा तिथं थांबली, काका छातीला हात लावून चहा नको म्हणाले, आणि पंडितनं ते गाळण खाली काढलं. त्या दिवशी दूधवाला आला नव्हता. मागं शेळ्या बांधलेल्या होत्या. काकांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “म्हशीचं दूध लय घट्ट हाय हो तुमचं!” पंडित आठ दिवस हसत होता म्हणे. मरेपर्यंत तो काकांना “म्हैसवाले मास्तर” म्हणायचा.

गाडी हॉटेलवर थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरचं खाणंपिणं हॉटेलवाल्याकडं. हा रिवाज कुठं लिहिलेला नाही आणि सगळ्या रस्त्याला माहीत आहे. त्यांचं बाकडं वेगळं, आत भट्टीजवळ. ड्रायव्हर अमृत पोहे आणि चहा घ्यायचा. काका फक्त कॉफी. महिन्यातून एकदा परभणीत गाडी लागली की किराणा दुकानातून हैदराबादी पावडरीचा पुडा उचलायचे आणि तिकिटांच्या पेटीशेजारी ठेवून फाट्यापर्यंत आणायचे. सगळ्या गाडीला वास सुटायचा. एक बाई म्हणाली होती, “मास्तर, काय जळायलंय?” काका म्हणाले, “माझं नशीब उजळायलंय, मावशी.”

पंडित गेला तो शेतात काम करता करता गेला. चौदाव्या दिवशी सरजाक्कानं हॉटेल उघडलं. सकाळची वेळ, लोकांना झोप, उतरायला कुणी तयार नाही. रिकाम्या हॉटेलात ती एकटी कढईपुढं उभी. काकांनी दारातून पाहिलं आणि आरोळी ठोकली, “गाडी तापलीय! सगळे खाली उतरा! अर्धा तास लागतो!” अमृतनं एक क्षण त्यांच्याकडं बघितलं, मग मुकाट उतरला, बॉनेट उघडलं आणि चांगल्या गार इंजिनात डोकं घालून उभा राहिला. चव्वेचाळीस माणसं उतरली. उतरली ती भज्यांच्या वासानं आत आली. सरजाक्का रडत होती आणि तळत होती, आणि काका प्लेटा वाटत ओरडत होते, “मिरचीवाली कुणाची?”

ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला होते. काका उभं राहून करून दाखवतात.

दुसरी गोष्ट ते क्वचित सांगतात, आणि बसून सांगतात. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना फाट्यापासून दोन किलोमीटर पुढं नवं हॉटेल झालं. फरशी, आरसे, मोठं आवार. काकांची गाडी तिकडं थांबायला लागली. “वरून आदेश आला,” काका सांगतात. “मी स्वतः सरजाक्काकडं गेलो आदल्या दिवशी. म्हणलं, आक्का, माझ्या हातात काय न्हाई. तिनं कॉफी दिली. म्हणली, तुमचा काय दोष, मास्तर. पण मी बी त्या हॉटेलातली मशीनची कॉफी आठ महिने तोंडाला लावली न्हाई. पाणी पिऊन काढले.” निवृत्त झाल्यावर मात्र दर पंधरवड्याला, गुरुवारी, काका गंगाखेडहून बस पकडून फाट्यावर यायचे. कॉफी प्यायची, उलट बस धरायची. शीलाकाकू शेजारणींना सांगायची, “घरात दूध हाय, गॅस हाय, नवरा फाट्यावर हाय.” तिथं काकांकडून कधी पैसे घेतले नाहीत. गाडी थांबायची बंद झाली तरी घेतले नाहीत. काकांना त्याचंच अप्रूप. “बग,” गाडीत ते मला सांगत होते, “बिल्ला गेला, पेटी गेली, कप गेला न्हाई. त्यो गाडीचा न्हवताच. त्यो माझा होता.”

आणि आता फळ्यावर चाळीस.

“बोलायलाव न्हवं इमानाचं?” सरजाक्का म्हणाली. “बोला.”

“मी पंचाहत्तर किलोमीटर येतो, आक्का. चाळीस रुपयासाठी न्हाई येत. चाळीस काय, चारशे देतो. पण तुमी मागितलेच कसे? परक्यावानी?”

“उद्या मागायला मी हितं नसणार.”

“म्हंजी?”

दीपिकानं सांगितलं. “हॉटेल दिलं भाड्यानं, मामा. एक तारखेपासून. येलदरी धरणाच्या मच्छीचं हॉटेल होणार हाय हितं. आमी पुण्याला चाललो, ह्यांच्याकडं. आत्याचे गुडघे उभं राहू देईनात.”

काकांनी आजूबाजूला पाहिलं. तेव्हा त्यांना दिसलं, आणि मलाही. भिंतीवरचा पंडितचा फोटो नव्हता, तिथं फक्त खिळा होता. बरण्या खोक्यात गेल्या होत्या. कोनाड्यात गाळण नव्हतं, ते भट्टीशेजारी होतं, आत्ताच वापरलेलं, ओलं.

“कवा ठरलं?”

“झाले दोन महिने.”

“दोन महिने!” काका उभे राहिले. “दोन महिन्यांत चार खेपा झाल्या माझ्या. चार वेळा ह्याच बाकड्यावर बसून गेलो. सोयाबीनचं बोललीस, पावसाचं बोललीस, नातवाच्या दाताचं बोललीस. हे न्हाई बोललीस? मी आलो नसतो आज, तर पुढच्या खेपेला इथं मासे तळताना बगितले असते मी!”

अठ्ठावीस वर्षांचं “तुमी” एका दमात “तू” झालं. सरजाक्कानं ते ऐकलं. तिनं काही “तू” केलं नाही.

“बसा, मास्तर.”

“न्हाई बसत. मला सांगावं वाटलं न्हाई तुला? मी कोण हाय मंग? गिऱ्हाईक? गिऱ्हाईकाला सुदीक सांगतंय माणूस, बाबा, उद्यापासून येऊ नको.”

“गुरुवारी तुमची सुट्टी असायची,” सरजाक्का म्हणाली.

“काय?”

“नोकरीत हुता तवा. गुरुवारी सुट्टी असायची ना?”

“असायची. त्याचं आता काय?”

“गुरुवारी तुमच्या बदली कोण यायचं?”

“महारुद्र.”

“महारुद्र. गाडी तीच, टाइम तोच. आठ वाजून पाच मिनिटं.” तिनं हातातलं फडकं भट्टीच्या कडेवर नीट चौकोनी घडी करून ठेवलं. “हितंच थांबायची.”

काका उभेच होते. बाहेरून एक ट्रक गेला, पत्रा थरथरला.

“तुमी येऊन सांगून गेलात ना, वरून आदेश हाय. त्याच्या पहिल्याच गुरुवारी गाडी दारात येऊन उभी. मी पळत गेले. म्हणलं, महारुद्रा, बापा, नगं थांबू, दंड पडंल तुला. त्यो हसाय लागला. कसला आदेश, आक्का? ज्याला जिथं बरं वाटंल तिथं तो थांबतो.” सरजाक्का बोलत होती ते अगदी सावकाश, कुणाला रस्ता सांगावा तसं. “आठ महिने, मास्तर. सहा दिस गाडी धूळ उडवत पुढं जायची. मी दारात उभी राहायची. तुमी खिडकीत, मान खाली, पैसे मोजायलाव. आन् सातव्या दिवशी थांबायची. तुमी नसलात की थांबायची.”

काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्वच्छ दिसलं. सुट्टीच्या दिवशी आपली गाडी कुठं थांबते, हे कंडक्टरला कसं दिसणार? तो घरी असतो, दाढी करत असतो.

“मंग तवाच इचारायचं न्हाई?” ते हळू म्हणाले. ‘तू’ गेलं होतं, ‘तुमी’ परत आलं नव्हतं.

“काय इचारू? मला वाटलं, कॉफीच बिगडली. हे होते तवा यांच्या हाताला चव होती, आपल्या हाताला न्हाई. मास्तर भिडस्त माणूस, तोंडावर कसं म्हणतील, म्हणून आदेशाचं नाव घेतलं. मंग तुमी रिटायर होऊन येऊ लागलात. मी पावडर वाढवली. एक चमचा घालायचे तिथं दीड घातला. भाव चढला तरी तुमच्या कपाचा दीड कमी केला न्हाई. इचारा दीपीला.”

“मी भांडायचे आत्याशी,” दीपिका म्हणाली. “एक माणूस पितो, त्यो बी फुकट, त्याला दीड चमचा कशाला?”

“मी म्हणायचे, राहू दे. आज कॉफी जमली तर आज सांगतील. आज न्हाई, पुढच्या गुरुवारी सांगतील.” तिनं ओलं गाळण पुसून बाजूला ठेवलं. “तुमची गाडी गेली तशा वर्षभरात बाकीच्या बी गेल्या. सिनियर मास्तर जिथं थांबतो तिथं सगळे थांबतात. मी कुणाला काय म्हणलं न्हाई. माझीच कॉफी वाईट, कुणाला काय म्हणणार?”

“कॉफी वाईट न्हवती, आक्का.”

“म्हाईत हाय. आता म्हाईत हाय. गेल्या महिन्यात अमृत आला हुता, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. हॉटेल बंद होणार म्हणलं तर रडाय लागला. म्हणला, आक्का, त्या बायांनी लय गलका केला वो तवा गाडीत. संडास न्हाई, आमी उतरून कुठं जावं? रोजचीच कटकट. मास्तर म्हणले, चल, पुढच्या हॉटेलावर घे.”

काका एकदम बाकड्यावर बसले.

“संडास, मास्तर!” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “मागं शेळ्यांचा गोठा रिकामा पडलाय. चार पत्रे, एक भांडं, एक टाकी. आठ दिसांत उभा केला असता मी. बाईमाणूस हाय मी, बाया कशाला गलका करतात हे मला कळलं नसतं व्हय? तुमी एक वाक्य बोलायचं हुतं. एक!”

“कसं बोलू?” काकांनी हात पसरले. “तुमी चूल सांभाळणार, खायाचं करणार. विधवा बाई. सकाळच्या पारी तुमच्यासमोर कॉफीचा कप धरून संडासाचं कसं बोलू मी? जीभच रेटंना, आक्का. पुढच्या हॉटेलावर जायाच्या आदी दोन दिस हितं गाडी थांबली तवा वाटलं, आज बोलू. न्हाई जमलं. म्हणून आदेश म्हणलं. आदेश म्हणलं की कुणी काय इचारत न्हाई.”

मला एकदम ते बॉनेट आठवलं. तिच्यासाठी हाच माणूस चव्वेचाळीस जणांसमोर, भर रस्त्यात, खणखणीत आवाजात खोटं बोलला होता, आणि खरं एक वाक्य तिच्यासमोर बोलायला त्याला लाज वाटली होती. मी बशीत सांडलेल्या कॉफीकडं बघत बसले. वर साय धरत होती.

“बरं,” सरजाक्का म्हणाली. “लाज वाटली. मानलं. बाप्या माणसाला वाटती लाज. आठ महिने वाटली, त्ये बी मानलं.”

ती भट्टीमागून बाहेर आली. गुडघ्यावर हात टेकत, एक एक पाऊल. पहिल्यांदाच मी तिला पूर्ण पाहिलं. बारीक, ताठ बाई, पायात नवऱ्याच्या असाव्यात तशा मोठ्या चपला. काकांच्या समोरच्या बाकड्यावर ती बसली. अठ्ठावीस वर्षांत ती गिऱ्हाईकाच्या बाकड्यावर बसल्याचं काकांनी पाहिलं नसावं. ते थोडे मागं सरकले.

“पर त्याच्यानंतर सहा वर्षं झाली, मास्तर. बिल्ला न्हाई, गाडी न्हाई, बाया न्हाईत. दर पंधरा दिसाला तुमी न् मी, समोरासमोर. तुमी कप उचलायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, आक्का, ह्या कपावर माझा हक्क हाय. मी तोंडाकडं बगत राहायची.” तिनं काकांचा कप त्यांच्यापुढं सरकवला. अर्धा भरलेला होता. “सहा वर्षं कामून न्हाई सांगितलं?”

काकांनी कपाकडं पाहिलं. उचलला नाही.

खिशातून त्यांनी पन्नासची नोट काढली. उभी दुमडली, बोटांच्या बेचक्यात धरली, मग तशीच बशीखाली सरकवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. ओठ हलले. आता बोलतील, असं तिघींनाही वाटलं. दीपिकानं तर गल्ल्याचा ड्रॉवर लोटणारा हातही तसाच धरून ठेवला.

काका उठले.

“मास्तर,” सरजाक्का म्हणाली.

ते दारापर्यंत गेले. सवयीनं त्यांनी एकदा मागं वळून सगळी बाकडी पाहिली, कुणी राहिलं का म्हणून, आणि मग पायरी उतरले.

“मामा, दहा राहिले तुमचे!” दीपिका ओरडली.

रस्त्याच्या पलीकडं, गंगाखेडकडं जाणाऱ्या बाजूला, ते बसची वाट बघत उभे राहिले. आमच्याकडं पाठ करून.